पहिल्या बुधवारची टोपी

हायमूरचं पत्र महिन्याच्या अखेरच्या सोमवारी यायचं, आणि डॉर्कस इलिंगवर्थ ते शाळा सुटेपर्यंत कधी उघडायची नाही. सकाळी पोस्टमननं हातात ठेवलं की ते एप्रनच्या खिशात जायचं. मग दिवसभर पाढे आणि शिवणाचे टाके तपासत बाकांमधून फिरताना तिचा हात अधूनमधून खिशावर जाऊन यायचा.

"बाई, पोट दुखतंय का तुमचं?" पहिल्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं.

"अजून नाही. तुझा सातचा पाढा ऐकला की दुखेल. म्हण."

वर्ग हसला. फेब्रुवारीतला शेवटचा सोमवार होता तो. बुधवारपासून उपासाचे चाळीस दिवस लागणार, म्हणून घराघरांतून उरलेल्या खारवलेल्या मांसाचे काप आणि अंडी तळली जात होती, आणि तो वास शाळेच्या बंद खिडक्यांमधूनही आत येत होता. पोरींचं लक्ष पाढ्यात नव्हतं. डॉर्कसचंही नव्हतं. तिनं घंटा चार मिनिटं आधीच वाजवली, आणि कुणी तक्रार केली नाही.

घरी येऊन तिनं शेगडी पेटवली, किटली ठेवली, दिवा खिडकीपाशी ओढला. पत्र फोडणार तोच शेजारच्या मिसेस थ्वेट झाकलेली बशी घेऊन दार न वाजवता आत आल्या.

"दोन काप आणलेत. पातळ आहेत, पण आमच्या थ्वेटच्या हाताला लागले असते तर तेही उरले नसते. व्हिटबीचं पत्र वाटतं?"

"हो."

"कशी आहे टेमर?"

"बरी आहे. समुद्राची हवा मानवलीय."

"माझ्या गुडघ्यांनाही मानवेल म्हणावं. तुझ्या मावशीकडे एखादी खोली रिकामी असली तर कळव. थ्वेटला इथंच ठेवून येईन. त्याला कुठलीच हवा मानवत नाही."

डॉर्कस हसली. व्हिटबीला तिची मावशी खरोखरच होती, पण ती मरून बरीच वर्षं झाली होती, आणि आई तिथं कधी गेलीच नव्हती. आई हायमूरला होती. माळाच्या पलीकडच्या उतारावर, परगण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात. ज्या बाईची आई तिथं आहे तिच्या हाती आपल्या मुली कोण देणार, हा प्रश्न शाळेच्या कमिटीनं विचारायच्या आधीच डॉर्कसनं स्वतःला विचारला होता, आणि सात वर्षांपूर्वी एका दुपारी मिसेस थ्वेटना व्हिटबी सांगून टाकलं होतं. नंतर ते निस्तरायला जागाच उरली नाही.

मिसेस थ्वेट गेल्या. डॉर्कसनं पत्र उघडलं.

"आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे," सुरेख, उजवीकडे किंचित झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं. "थंडीमुळे त्या सध्या बागेत जात नाहीत, मात्र खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालायचं काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. कालच एक पिवळं पान खुडून त्यांनी ते वहीत ठेवावं तसं बायबलमध्ये ठेवलं. राखाडी शाल कोपऱ्यापर्यंत आली आहे. वळण घेताना टाके मोजायचे राहतात, मग त्या सगळं उसवतात आणि स्वतःशीच हसतात." खाली सही: अधीक्षक डॉ. स्टॅनिफोर्थ.

ती हे दोनदा वाचायची. पहिल्यांदा बातमीसाठी, दुसऱ्यांदा त्या हसण्यासाठी.

सुरुवातीची पत्रं अशी नव्हती. आईला तिकडे नेलं त्या वर्षी यायच्या त्या दोन कोरड्या ओळी. "मनःस्थितीत फरक नाही. शरीरप्रकृती बरी." डॉर्कसचा धाकटा भाऊ सेथ तापानं गेला होता, आणि आई रोज तिन्हीसांजेला टेकडीवर जाऊन त्याला जेवायला हाका मारायची. सुरुवातीला लोकांनी हळहळ केली, मग खिडक्या लावून घेतल्या. एका जानेवारीत ती बर्फातून अनवाणी गेली आणि पाय काळेनिळे करून घेतले, तेव्हा दोन डॉक्टरांनी कागदावर सह्या केल्या. डॉर्कस दोनदा भेटीला गेली. दुसऱ्या भेटीत आई दोन्ही हात एप्रनखाली घालून बसली, एक शब्द बोलली नाही. त्यानंतर हायमूरहून पत्र आलं: भेटीनंतर रोगी आठवडाभर जेवला नाही, तूर्त येऊ नये हे श्रेयस्कर.

ती गेली नाही. त्याऐवजी लिहू लागली. आईच्या सवयी लिहिल्या, म्हणजे तिथल्या लोकांना कळेल की हे माणूस कसं आहे. ती चहात मीठ टाकून देते, समोरच्याला फसवायला. तिला जिरेनियमचा वास आवडतो. मग शाळेतल्या गोष्टी, छपराखालच्या चिमण्या, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांबद्दल दोन शब्द. आणि एक दिवस हायमूरची पत्रं बदलली. लांब झाली. त्यांत आई दिसू लागली. डॉर्कसला वाटलं, एवढ्या मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांच्या मनाला आपलं लिहिणं कुठंतरी लागलं असावं. प्रत्येक पत्राच्या शेवटी ती मनापासून लिहायची, "आपली अत्यंत ऋणी".

दोन वर्षांपूर्वी तिनं गल्लीच्या टोकाचं हे घर घेतलं ते आईसाठी. दक्षिणेकडे खिडकी, मागे सफरचंदाचं एक झाड. पांढऱ्या चुन्यानं खोली रंगवली, पलंग टाकला, आणि डॉक्टरांना लिहिलं: मी आईला घरी नेऊ शकते का? शाळेच्या वेळात सोबतीला बाई ठेवीन. उत्तर आलं ते तिला पाठ होतं. "त्या इथं रुजल्या आहेत. या वयात मुळासकट उपटलेलं रोप दुसऱ्या मातीत धरेलच असं सांगता येत नाही. आपण त्यांना सुखी बघू इच्छिता, आणि त्या सुखी आहेत." ती रात्रभर रडली आणि मग तिला बरंही वाटलं. खोलीतला पलंग तसाच राहिला.

आणि पत्रं खरी होती याला पुरावा होता. दर नोव्हेंबरला ती आईच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं पार्किन भाजायची, म्हणजे ओटच्या पिठाचा केक, काकवी आणि आलं घालून, आणि डब्यात भरून पाठवायची. गेल्या नोव्हेंबरला आलं जरा जास्त पडलं होतं. हायमूरहून उत्तर आलं: "यंदा आलं थोडं झोंबलं, पण कडा नेहमीसारख्या चिवट होत्या, आणि कडाच खऱ्या असतात." ते वाचून ती टेबलावर डोकं ठेवून हसली होती. आई कडाच खायची.

त्या सोमवारी तिनं मिसेस थ्वेटचे काप तळून खाल्ले, उत्तर लिहिलं, आणि शेवटी घातलं, "शालीला लोकर कमी पडली तर कळवा." पत्र पेटीत टाकून आली. दिवस संपला.

मंगळवारी दुपारी, पोरींना उपासाआधीच्या पॅनकेकसाठी लवकर सोडायची घाई चाललेली असताना, तार आली. "टेमर इलिंगवर्थ आज पहाटे मृत. छातीचा दाह. न्यायचं नसल्यास दफन गुरुवारी इथेच."

तिनं तार घडी करून खिशात ठेवली, जिथं पत्र असायचं तिथं. पोरींना सोडलं. फळा पुसला. मग लोकरीच्या गाड्या हाकणाऱ्या इनॉक सटक्लिफकडे गेली.

"उद्या सकाळी गाडी हवीय. रिकामी. जाऊन यायची."

"कुठं, बाई?"

"हायमूर."

इनॉकनं पाइप तोंडातून काढला. "तिथं तर ते... म्हणजे तिथं दुसरं काही नाहीच."

"हो. तिथंच."

बुधवारी उजाडताना ते निघाले. माळावर दहिवर होतं, घोड्याच्या तोंडातून वाफ निघत होती. बराच वेळ इनॉक फक्त घोड्याशी बोलत होता.

"नातलग का कुणी, बाई?" शेवटी त्यानं विचारलंच.

"ओळखीचं होतं कुणी," डॉर्कस म्हणाली.

"होतं," इनॉकनं म्हटलं, आणि घोड्याला उगीचच चुचकारलं.

खिंड ओलांडल्यावर इस्पितळाचं धुराडं दिसलं. ती चकित झाली. इतकं जवळ होतं. शाळेच्या मागच्या टेकडीवर चढलं असतं, आणि आकाश स्वच्छ असतं, तर हे धुराडं रोज दिसलं असतं.

फाटकाशी गर्दी होती. टोपल्या घेतलेल्या बायका, कपाळावर उपासारंभीच्या राखेचं बोट उमटलेला एक म्हातारा आयरिश, दोन पोरांना धरून उभी असलेली एक बाई. महिन्याचा पहिला बुधवार, भेटीचा दिवस. द्वारपालानं डॉर्कसला विचारलं, "कुठला वॉर्ड?" तिनं तार पुढे केली. त्यानं वाचली, टोपी काढली, आणि बाजूचं लहान दार उघडलं.

शवघर धुणीघराच्या मागं होतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेली एक जाडजूड नर्स तिला घेऊन गेली. झिला बिन्स तिचं नाव. चालताना बोलत होती, कारण ती नेहमीच बोलत असावी.

"मीच होते तिच्याजवळ. शनिवारी खोकला, सोमवारी ताप, आणि मग संपलंच. त्रास नाही झाला फारसा. म्हणजे झाला, पण फार वेळ नाही."

आई फळीवर होती. लहान झाली होती. केस आखूड कापलेले. हनुवटीवरचा तीळ तोच. चादरीवर ठेवलेले हात मात्र डॉर्कसला ओळखता येईनात. मनगटापर्यंत लाल, बोटांच्या पेरांवर चिरा, नखं मऊ होऊन वाकलेली.

"हात असे कशानं झाले?"

"धुणीघर हो. सोड्याचं पाणी. सगळ्यांचेच होतात."

"धुणीघर? पण ती विणायची ना? राखाडी शाल. खिडकीशी बसून."

झिला तिच्याकडे बघत राहिली. "सुया? सहा नंबरच्या वॉर्डात? अहो, माझ्या केसांतले आकडेसुद्धा मोजून आत सोडतात मला. विणायला कोण देतंय!"

"खिडकीत जिरेनियम होतं."

"खिडकी एवढ्यावर आहे," झिलानं हात डोक्याच्या वर नेला. "आभाळ दिसतं, तेही मान मोडेपर्यंत वर केली तर. कुंडी कुठं ठेवणार? बाई, तुमची काही गल्लत नाही ना होत? ही टेमर इलिंगवर्थ. तुमचीच ना?"

क्षणभर, फक्त क्षणभर, डॉर्कसला वाटलं की गल्लत आहे. दुसरी कुणी टेमर मेली आहे, आणि तिची टेमर कुठल्यातरी उन्हाच्या खिडकीत टाके उसवत हसते आहे. मग तिनं पुन्हा तीळ बघितला.

"माझीच," ती म्हणाली. "ती पोराला हाका मारायची. अजून मारायची?"

"छे! पहिलं वर्ष. मग हळूहळू गेलं ते. शांत झाली अगदी. नव्या पोरी रडत यायच्या, त्यांना जवळ घेऊन बसायची. चहात मीठ घालून मला फसवलंय तिनं, दोनदा." झिला हसली. "आम्ही म्हणायचो, हिला आता इथं कशाला ठेवलीय? वर विचारलंही मी एकदा. तर म्हणाले, घरच्यांनी कधी मागितलीच नाही."

डॉर्कसनं चादरीची कड सरळ केली.

झिलानं कोनाड्यातून एक गाठोडं काढलं. कंगवा, बायबल, आणि जुन्या रेशमाची काळी टोपी, फिती इस्त्री केल्यासारख्या सपाट. "ही तिची घरची. इथं सगळ्यांना सारखे कपडे, पण पहिला बुधवार आला की ती ही टोपी मागून घ्यायची. बांधायची नीट, आणि दाराजवळच्या बाकावर बसायची. संध्याकाळी घंटा झाली की सोडून परत द्यायची. कटकट नाही, रडणं नाही. वर्षानुवर्षं."

"दर बुधवारी?"

"दर पहिल्या बुधवारी. या हिवाळ्यात मागायची बंद झाली."

बाहेर धुणीघरात कुणीतरी कपडे पिळायचा रहाट फिरवत होतं, त्याची एकसुरी करकर येत होती.

"मला तुमच्याकडून पत्रं येतात," डॉर्कस म्हणाली. "ती कोण लिहितं?"

"लाइलसाहेब! इथल्या रोग्यांतलेच ते. म्हणजे पुरुषांच्या बाजूचे. पूर्वी वर्तमानपत्रात होते म्हणे, छपाईच्या चुका बघायला. अक्षर काय, मोत्यासारखं. ऑफिसात बसवलंय त्यांना. दहा महिने तुमच्या-माझ्यापेक्षा शहाणे, उरलेल्या दोन महिन्यांचं विचारू नका."

"ते येतात इकडे? बायकांच्या वॉर्डात?"

"अगं बाई! पुरुष?" झिलानं छातीवर हात ठेवला. "मेट्रन इथं बोकासुद्धा फिरकू देत नाही."

डॉ. स्टॅनिफोर्थ उंच, थकलेले आणि सभ्य होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. "मिस इलिंगवर्थ, मी आत्ता यावर सही करणारच होतो. पोस्टानं पाठवण्याऐवजी हातातच देतो. मनापासून सहानुभूती."

तेच अक्षर. "आपल्या मातोश्रींनी शांतपणे डोळे मिटले. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, आणि जिरेनियमला यंदाची पहिली कळी..."

तिनं कागद खाली ठेवला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही हे वाचलंत?"

"मी सही करतो. इथं सहाशे रोगी आहेत, त्यांचे नातलग आहेत. सगळ्यांना मी स्वतः लिहीत बसलो तर रोग्यांना कोण बघणार?"

"पहाटे ऊन नसतं."

डॉक्टरांनी कागद जवळ घेतला, चष्मा वर केला, ओळ वाचली. "लाइलला जरा अलंकाराची आवड आहे. हे मान्य. पण बघा, कारकुनांना माझी सूचना एवढीच असते: नातलगांना दिलासा द्या आणि भेटी आवरा. भेटींनी वॉर्ड चार दिवस ढवळून निघतो."

"माझ्या भेटीनंतर ती आठवडाभर जेवली नव्हती. हे खरं होतं?"

"ते... ते वाक्य आम्ही सगळ्यांनाच लिहितो."

तिनं हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले. "दोन वर्षांपूर्वी मी तिला घरी न्यायची परवानगी मागितली होती. तुम्ही नाही म्हणालात."

"मी?" या वेळी ते खरोखर गोंधळले. "आपण कधीच मागितली नाहीत. मागितली असती तर मी त्याच आठवड्यात सोडलं असतं. मला खाटा पुरत नाहीत, मिस इलिंगवर्थ. धुणीघरात काम करणारी शांत बाई, घर आहे, मुलगी कमावती आहे, मी कशाला ठेवीन?"

"लाइलना बोलवा."

"हे पाहा, झालं ते दुर्दैवी असेल, पण एका अर्थी त्या पत्रांनी आपल्याला इतकी वर्षं शांत झोप दिली. तेही एक औषधच..."

"त्यांना बोलवा," ती वर्गात बोलते तशी म्हणाली, आणि डॉक्टरांनी घंटी वाजवली.

लाइल पन्नाशीचा, बारीक, स्वच्छ दाढी केलेला माणूस होता. बाहीच्या कडेला शाई. दारातच थबकला. कुणी नाव सांगायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की डॉर्कसला नजर वळवावी लागली.

"तुम्ही! मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल." मग त्याला तिचा काळा पोशाख दिसला असावा. "क्षमा करा. फार वाईट झालं. फारच. पण... त्या छपराखालच्या चिमण्यांचं काय झालं? कमिटी जाळी लावणार होती ना?"

"माझी पत्रं तुम्ही उघडायचात?"

"सगळीच मी उघडतो. साहेबांना थोडक्यात सांगतो. मिस इलिंगवर्थ, प्रकृतीची चौकशी. एवढं."

"मी आईला घरी न्यायचं लिहिलं होतं. सफरचंदाच्या झाडाचं पत्र. ते सांगितलंत?"

तो हसू लागला आणि थांबला. "ते फार सुंदर पत्र होतं. चुना लावताना बादलीत पडलेली मधमाशी..."

"सांगितलंत का?"

"नाही."

"लाइल!" डॉक्टर म्हणाले.

"नेलं असतं तर तुम्ही परत कशाला लिहिलं असतं?" लाइल डॉक्टरांकडे बघतच नव्हता. तो तिला समजावत होता, एखाद्या हुशार माणसाला सोपी गोष्ट समजावावी तसं. "इथं लोक लिहितात, माझं माणूस मेलं का, किती दिवस ठेवणार, जुने बूट परत पाठवा. तुम्ही तसं नव्हतात लिहीत. महिनाभर मी थांबायचो. नोव्हेंबरात, मला बरं नसतं तेव्हासुद्धा, मला आठवायचं की पत्र येईल. आणि पार्किन."

"पार्किन तुम्ही खाल्लंत."

"तिकडे डबे नेऊ देत नाहीत," तो म्हणाला. "कडा फार छान होत्या."

बाकी सगळं खोटं ठरलं तरी आईनं निदान पार्किन खाल्लं असेल, या एका आधारावर ती इतका वेळ उभी होती, हे तिला आत्ता कळलं.

"तुम्ही तिला कधी पाहिलंत?"

"मी कसा पाहणार? पण मला त्या माहीत होत्या. तुम्हीच सांगितल्यात की. जिरेनियम तुमच्याच पत्रातलं. शाल तुमच्याच पत्रातली, उसवतानाचं हसणंसुद्धा. मी फक्त थोडं पुढे नेलं." त्यानं आवाज खाली आणला. "मी काही वाईट असं एकदाही लिहिलं नाही. एकदाही नाही."

तर हे होतं ते. ती आपल्या आठवणी घडी करून, तिकीट लावून माळापलीकडे पाठवत होती, आणि त्याच परत येत होत्या. आणि पलीकडे आई टोपी बांधून बाकावर बसली होती.

"तिला माझं एखादं तरी पत्र वाचून दाखवलं कुणी?"

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद सरळ केला; लाइल बाहीवरची शाई चोळू लागला.

ती उठली. लाइल दारापासून बाजूला झाला नाही. "मिस इलिंगवर्थ. आता निमित्त नाही, मला कळतं. पण कधी दोन ओळी... चिमण्यांबद्दल."

तिला त्याची दया आली असती. दुसऱ्या कुणाबद्दल पुस्तकात वाचलं असतं तर नक्कीच आली असती. तिनं त्याच्या शाईच्या बाहीकडे पाहिलं. "बाजूला व्हा," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून: "त्या कागदावर सही करू नका. आणि प्रत्येक पत्रात मी तुमचे आभार मानले होते. ते मी परत घेते. सगळे."

अंगणात भेटीला आलेले लोक आता माणसांसोबत फिरत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला केक भरवत होती आणि तो तिच्या हाताचा मुका घेत होता. वॉर्ड ढवळून निघाल्यासारखा काही दिसत नव्हता. द्वारपाल, झिला, इनॉक आणि सुतार यांनी साध्या लाकडाची पेटी गाडीवर चढवली. सुतार खिळे घेऊन वर चढणार होता.

"थांबा," डॉर्कस म्हणाली. "झाकण काढा."

"बाई, इथं? लोक आहेत," झिला कुजबुजली.

"असू देत."

ती चाकावर पाय ठेवून गाडीत चढली. काळी टोपी आईच्या आखूड केसांवर बसवली. मागून मान उचलावी लागली. ती अजिबात जड नव्हती. फिती हनुवटीखाली आणल्या, तिळाच्या उजवीकडे गाठ मारली, जशी आई मारायची. चिरा पडलेले हात तिनं झाकले नाहीत. बाहेरच राहू दिले.

इनॉक घोड्याचं तोंड धरून उभा होता. "बाई," तो हळूच म्हणाला, "ओळखीचं कुणीतरी म्हणाला होतात तुम्ही."

"माझी आई आहे ही."

"टेमर? पण ती तर व्हिटबीला..."

"व्हिटबीला ती कधीच नव्हती, इनॉक. इथं होती. माळाच्या या बाजूला. घरी मिसेस थ्वेटना तूच सांग, मला सांगावं लागण्याआधी."

त्यानं टोपी काढली आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला.

डॉर्कसनं वर बघितलं. वरच्या ओळीत, माणसाच्या डोक्याहून उंच, सहा नंबरच्या लहान खिडक्या होत्या. त्यांत आभाळ होतं. अंगणातले लोक थबकून गाडीकडे बघत होते. केक खाणारा तो माणूसही बघत होता. ती पेटीच्या कडेशी गुडघे टेकून बसली आणि बोलली, कुजबुजत नाही, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं:

"आई, बुधवार आहे. टोपी घातलीय ना? चल. मी तुला घरी न्यायला आलेय."